दोन पेपरांत एकच चूक

दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरं जुळली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दोघांनीही अभ्यास केला असेल. चुकीची उत्तरं जुळायला लागली, की मात्र परीक्षा घेणाऱ्यांना शंका येते. बरोबर उत्तर एकच असतं, पण चुकायच्या वाटा अनेक असतात. मग हे दोघं दर वेळी एकाच वाटेने कसे चुकले? कॉपी पकडण्याच्या गणिताचा पाया हा एवढाच आहे.

बहुपर्यायी प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यातले तीन चुकीचे. हे तिन्ही सारखेच फसवे आहेत असं धरलं, तर चुकलेल्या दोघांनी योगायोगाने एकच पर्याय निवडण्याची शक्यता 3 मध्ये 1 असते. असे दहा प्रश्न दोघांचेही चुकले असतील, तर दहाच्या दहा ठिकाणी तोच पर्याय येण्याची शक्यता 59,049 मध्ये 1 होते. हा आकडा वाचला की आता आणखी पुरावा कशाला हवा, असं वाटतं.

तरीही पुरावा लागतोच. परीक्षेला 1,000 जण बसले असतील, तर त्यांच्या 4,99,500 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे दहा प्रश्न सामाईक चुकले असं मानलं, तर कुणीही कुणाच्या पेपरात डोकावलं नसतानाही सरासरी आठ जोड्या अशा तंतोतंत जुळलेल्या सापडतील. त्यातून चुकीचे पर्याय सारखे फसवे कधीच नसतात. वजाबाकीच्या चिन्हात गफलत केली की वर्गातली निम्मी मुलं एकाच चुकीच्या उत्तराला पोचतात. एकाच शिक्षकाने एखादी गोष्ट चुकीची शिकवली असेल, तर चूकही सगळ्यांची सारखीच होते. म्हणून चांगल्या पद्धतींमध्ये त्या कुवतीची इतर मुलं तोच पर्याय किती वेळा निवडतात हे आधी बघतात आणि मग त्या दोघांच्या बाकांमधलं अंतर तपासतात. फक्त आकडेवारीवर विसंबून एखाद्या मुलाला दोषी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. आकडेवारीने कुठे पाहायचं ते सांगावं, निवाडा करू नये.

बसण्याच्या जागेला किती महत्त्व आहे, हे स्टीव्हन लेव्हिट आणि मिंग-जेन लिन या अर्थशास्त्रज्ञांनी एका अमेरिकी विद्यापीठातल्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांवरून दाखवलं. शेजारी बसलेल्यांची उत्तरं लांब बसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त जुळत होती, आणि किमान 10 टक्के विद्यार्थी कॉपी करत असावेत असा त्यांचा अंदाज निघाला. अंतिम परीक्षेला जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून दिल्या आणि पर्यवेक्षक वाढवले, तेव्हा कॉपीच्या खुणा जवळपास नाहीशा झाल्या. विद्यार्थी तेच होते, बदलले होते ते बाक आणि पहारा.

लहान मुलांच्या बाबतीत तर याहून थोडक्यात भागतं. चीनमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. मूल खोलीत एकटं बसून चाचणी सोडवायचं आणि उत्तरांचा कागद शेजारच्या टेबलावर ठेवलेला असायचा. दोन टेबलांच्या मध्ये आरपार दिसेल अशी नुसती चौकट उभी केली तरी डोकावणाऱ्या मुलांचं प्रमाण घटलं. एवढंच काय, हवेत जादूची कांडी फिरवून ‘इथे भिंत आहे’ असं सांगितलं तरीही ते घटलं. दिसत सगळंच होतं, पण इथवर आपलं आणि पुढचं आपलं नाही, ही खूण मुलांना पुरत होती.

फसवणूक नेहमी विद्यार्थीच करतात असंही नाही. शिकागोच्या शाळांमधल्या उत्तरपत्रिका तपासून ब्रायन जेकब आणि लेव्हिट यांनी 2003 मध्ये दाखवलं, की दरवर्षी किमान 4 ते 5 टक्के वर्गांमध्ये शिक्षक किंवा शाळेतलं कुणीतरी उत्तरांत फेरफार करत होतं. खुणा दोन होत्या. एकाच वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या सलग काही प्रश्नांची उत्तरं हुबेहूब सारखी येत होती. शिवाय त्या वर्गाचे गुण एका वर्षी एकदम उसळायचे आणि मुलं पुढच्या वर्गात गेली की तितकेच कोसळायचे. मनापासून शिकवलेलं असं वर्षभरात उडून जात नाही. संशयित वर्गांची कडक देखरेखीखाली फेरपरीक्षा घेतली तेव्हा त्यांचे गुण घसरले. जिथे खरोखर चांगलं शिकवलं होतं त्या वर्गांचे गुण टिकून राहिले. या फेरपरीक्षेमुळे चांगल्या शिक्षकांवरचा संशय दूर झाला, हे मला तितकंच मोलाचं वाटतं.

पेपरफुटीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे गळती छापखान्यापासून परीक्षा केंद्रापर्यंतच्या वाटेवर होते. केनियाने 2016 मध्ये ही वाटच आवळली. प्रश्नपत्रिका पोलीस पहाऱ्यातल्या कुलूपबंद कंटेनरमध्ये ठेवल्या आणि रोज सकाळी मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन त्या न्यायच्या असा नियम केला. आदल्या वर्षी माध्यमिक शालान्त परीक्षेत अडीच हजारांहून जास्त मुलांना सर्वोच्च श्रेणी मिळाली होती. 2016 मध्ये ती 141 जणांना मिळाली. इथिओपियाने 2022 मध्ये बारावीच्या मुलांना थेट विद्यापीठांच्या आवारात नेऊन परीक्षा घेतली. सुमारे नऊ लाखांपैकी फक्त 3.3 टक्के मुलांनी 50 टक्क्यांची पायरी ओलांडली.

अनेक देशांत एकाच वेळी परीक्षा घेणाऱ्या मंडळांपुढे पृथ्वीच्या फिरण्याचीच अडचण असते. पूर्वेकडे पेपर सुटतो तेव्हा पश्चिमेकडे तो सुरूही झालेला नसतो. 2024 च्या मे महिन्यात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या परीक्षेचे गणिताचे प्रश्न याच फटीतून पसरले. केंब्रिजचं परीक्षा मंडळ वेगवेगळ्या वेळ-विभागांना वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका देते. शिवाय दिवसातली एक ठरावीक वेळ अशी असते, की तेव्हा त्या पेपरचा प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत तरी असला पाहिजे किंवा शिक्षकांच्या नजरेसमोर, फोनपासून दूर.

काही देशांनी मात्र सगळ्या देशाचंच इंटरनेट बंद केलं. अल्जीरियात 2016 मध्ये प्रश्नपत्रिका समाजमाध्यमांवर फुटल्या आणि पाच लाखांहून जास्त मुलांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. 2018 मध्ये सरकारने परीक्षेच्या दिवसांत काही तास देशभराचं इंटरनेट तोडलं. इराक आणि सीरिया हेच करत आले आहेत. काही लाख मुलांच्या परीक्षेसाठी दवाखाने, बँका, व्यापार, सगळ्यांचा संपर्क तुटतो. हा उपाय मला अजिबात पटत नाही. इंटरनेट बंद केल्याने आधीच फुटलेला पेपर परत बंद होत नाही, आणि तो फोडणाऱ्यालाही काही होत नाही.

कॅमेऱ्यांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. रोमानियात बारावीनंतरच्या परीक्षेत लाच देऊन पास होणं सर्रास चालायचं. 2011 मध्ये परीक्षा केंद्रांत कॅमेरे आले, सोबत शिक्षेची भीतीही आली, आणि पास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं. फसवणूक घटली हे खरं. पण नंतरच्या अभ्यासात असं दिसलं, की गरीब मुलांचे गुण इतरांपेक्षा जास्त घसरले आणि दोघांतली दरी वाढली. परीक्षा प्रामाणिक झाली. तिची तयारी करून घेण्याची सोय मात्र सगळ्यांना सारखी नव्हती. असे उपाय करताना मुलांना शिकवण्यासाठी वेगळा पैसा बाजूला काढला नाही, तर त्यांचा भार सगळ्यात दुबळ्या मुलांवर पडतो.

या सगळ्यांत मला सगळ्यात आश्वासक वाटतं ते इंडोनेशियाचं उदाहरण. तिथली राष्ट्रीय परीक्षा 2015 पासून टप्प्याटप्प्याने संगणकावर गेली. प्रश्न मोठ्या प्रश्नपेढीतून निवडले जाऊ लागले, त्यामुळे आदल्या रात्री विकत घ्यायला एक ठरलेला पेपरच उरला नाही. ज्या शाळा संगणकाकडे वळल्या त्यांचे गुण धाडकन खाली आले, आणि आधी जिथे कॉपीच्या खुणा ठळक होत्या तिथे सर्वांत जास्त. शेजारच्या, अजून कागदावर परीक्षा देणाऱ्या शाळांतही फसवणूक घटली. मग दोन वर्षांत गुण पुन्हा चढले. या वेळी फसवायला वाव नव्हता, म्हणजे ती वाढ शिकण्यातूनच आली असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. विकत घ्यायचं उत्तर संपलं तेव्हा शाळा शिकवायला लागल्या आणि मुलं शिकायला लागली. पुढे 2021 मध्ये इंडोनेशियाने ती परीक्षाच रद्द केली. तिच्या जागी शाळांमधल्या काही निवडक मुलांची चाचणी आणली, जिचा निकाल कुठल्याही मुलाच्या नावावर लागत नाही.