इटलीतील रेड वाईनची द्राक्षे

इटलीत रेड वाईनसाठी लावल्या जाणाऱ्या स्थानिक द्राक्षवाणांची संख्या शेकड्यांत आहे. त्यांत सांजोवेसेचे क्षेत्र सर्वांत मोठे, तर सर्वाधिक मान नेब्बिओलोला. बार्बेरा, मोंतेपुल्चानो, कोर्विना, अल्यानिको, प्रिमितिव्हो आणि नेरो दाव्होला हे इतर महत्त्वाचे वाण. बहुतेक वाण आपला मुलूख सोडून फारसे रुळत नाहीत.

बाटलीवर बहुधा द्राक्षाचे नाव नसते, गावाचे किंवा भागाचे असते. त्या नावामागे नियमावली असते: कोणते द्राक्ष किती टक्के, लाकडी पिंपात किती महिने, विक्री केव्हा. हा सरकारी शिक्का १९६३ च्या कायद्याने आला. त्याला डीओसी म्हणतात. वरचा डीओसीजी दर्जा प्रत्यक्षात १९८० पासून मिळू लागला. त्यामुळे नुसत्या वाणावरून चवीचा अंदाज बांधला तर तो बरेचदा चुकतो. नावांचे घोळही आहेतच. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’ ही मोंतेपुल्चानो या द्राक्षाची वाईन. ‘व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ मात्र टस्कनीतल्या त्या नावाच्या गावची, आणि ती मुख्यतः सांजोवेसेची. दुकानात इथे भले भले फसतात.

नेब्बिओलो वायव्येकडील पिएमोंते प्रांताचे. अल्बा शहराभोवतीच्या लांगे टेकड्यांवर ते उत्तम पिकते. हा वाण लवकर फुटतो आणि उशिरा, बहुधा ऑक्टोबरात, तोडणीला येतो. म्हणून टेकडीचे चांगले उन्हाचे उतार त्याच्यासाठी राखून ठेवतात. वाईनचा रंग फिका असतो आणि काही वर्षांत विटकरीकडे झुकतो. पेल्यात पाहून ती हलकी वाटते, पण पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या जातात, इतके टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतले तुरट द्रव्य, त्यात असते. वासात गुलाब आणि डांबर ही जोडी सांगितली जाते. ऐकायला विचित्र असली तरी ती खरीच जाणवते. याच द्राक्षाची नामांकित वाईन बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले १८ महिने लाकडात. बाटलीवर ‘रिझेर्व्हा’ लिहायचे तर ६२ महिने. शेजारच्या भागातल्या नेब्बिओलोच्याच बार्बारेस्को वाईनला २६ महिने पुरतात.

याच बारोलोवरून १९८० च्या दशकात उत्पादकांमध्ये उभी फूट पडली. जुने लोक रस सालींसकट कित्येक आठवडे ठेवत आणि मग वाईन मोठ्या जुन्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवत. नव्या पिढीने सालींचा मुक्काम काही दिवसांवर आणला आणि फ्रेंच ओकची छोटी नवी पिंपे आणली. तरुण एलिओ अल्तारे यांनी तर घरची जुनी पिंपे साखळी-करवतीने कापून काढली. वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. आज बहुतेक जण मधल्या वाटेवर आहेत. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नेब्बिओलोवर चढून बसतो, तेव्हा जुन्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता.

पिएमोंतेत रोजच्या जेवणाला बार्बेरा किंवा डोल्चेत्तो या द्राक्षाची वाईन. बार्बेरात आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी. डोल्चेत्तोत आंबटपणा कमी. १९८६ मध्ये काही भेसळखोरांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळले आणि वीसहून अधिक लोक दगावले. त्यात बार्बेराचे नाव बदनाम झाले. पुढे काही उत्पादकांनी उत्पन्न कमी ठेवून दर्जा वाढवला आणि ते सावरले.

सांजोवेसे हे मध्य इटलीचे, विशेषतः टस्कनीचे द्राक्ष. आंबट चेरी, वाळलेली पाने, चढी आम्लता ही त्याची ओळख. टस्कनीची प्रसिद्ध वाईन कियांती म्हणजे काय, हे बेत्तिनो रिकासोली या सरदाराने १८७२ च्या एका पत्रात मांडले: गंध आणि जोम सांजोवेसेचा, तो मऊ करायला कानायोलो हे दुसरे लाल द्राक्ष, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये थोडे पांढरे माल्वाझिया. १९६७ च्या नियमांनी पांढरी द्राक्षे किमान १० टक्के सक्तीची केली आणि पातळ, बेचव कियांतीचा सुकाळ झाला. टस्कनीतल्या आंतिनोरी या वाईन-उत्पादक घराण्याने १९७१ च्या हंगामाची ‘तिन्यानेल्लो’ कियांतीचे नाव न लावताच विकली. कायद्याच्या लेखी ती साधी ‘टेबल वाईन’, किंमत मात्र चढी. कायदा यथावकाश शहाणा झाला; कियांतीच्या मूळ पट्ट्यातल्या ‘कियांती क्लासिको’ वाईनमध्ये २००६ पासून पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आहे. दक्षिणेकडच्या मोंताल्चिनो गावची ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेसेची असते आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच बाजारात येते.

सांजोवेसे सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरातही आले आहे. फ्रातेल्ली कंपनीच्या ‘सेत्ते’ या वाईनमध्ये ते कॅबरने सोव्हिन्योंसोबत वापरतात. टस्कनीत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्याच सुमारास आपल्याकडे गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, चालू असते, आणि घड उतरतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर.

ईशान्येला व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात कोर्विना आणि रोंदिनेल्ला या द्राक्षांची एकाच बागेतून चार तऱ्हांची वाईन निघते. ताज्या द्राक्षांची वाल्पोलिचेल्ला हलकी असते. निवडक घड हवेशीर माळ्यांवर जवळजवळ शंभर दिवस सुकवतात. तासगावकडची बेदाण्याची शेड पाहिलेल्याला ते फळ्यांचे थर ओळखीचे वाटतील, फक्त इथे मणी पूर्ण वाळू देत नाहीत. साधारण तिसरा हिस्सा वजन उतरले की गाळप. साखर पुरती आंबवली तर अमारोने, कोरडी आणि १५-१६ टक्के अल्कोहोलची. आंबवण अर्ध्यात थांबले तर गोड रेचोतो. अमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा आंबवली की होते रिपास्सो.

दक्षिणेत कांपानिया आणि बाझिलिकाताचे अल्यानिको टॅनिनमध्ये नेब्बिओलोच्या तोडीचे. तौरासी ही त्याची नामांकित वाईन. पुलियाचे प्रिमितिव्हो आणि कॅलिफोर्नियाचे झिन्फंडेल एकच असल्याचे १९९० च्या दशकात डीएनए चाचणीने ठरले. मूळ निघाले क्रोएशियात. सिसिलीत सपाटीवर नेरो दाव्होला, तर एत्ना ज्वालामुखीच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेझे. तिथल्या राखमिश्रित वाळूत द्राक्षमुळांचा फिलोक्सेरा किडा फारसा फोफावत नाही, म्हणून या किड्यापासून बचावासाठी इतरत्र करतात तसे कलम न केलेल्या जुन्या वेली अजून उभ्या आहेत.

उत्तरेकडच्या एमिलियातील लांब्रुस्को यांपैकी कशातच बसत नाही. ती फेसाळ, लालभडक वाईन थंड करूनच पितात, बोलोन्याकडच्या तुपकट डुकराच्या मांसासोबत.