टिक आणि टॉक यांच्यामधलं अंतर

‘जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडलं.’ जुनी लंबकाची घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. ते खरं नाही. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की चावी पुढे फिरत नाही, इतकंच. धडधाकट घड्याळ तिथूनही चालू लागतं. चावी भरलेली असून ते थांबलं असेल, तर स्प्रिंगचा जोर वाटेत कुठेतरी जिरतो आहे.

हा जोर असतो तरी किती? वजनावर चालणाऱ्या घड्याळात हिशोब सोपा पडतो. समजा, ५ किलोचं वजन ८ दिवसांत १ मीटर उतरतं. म्हणजे सुमारे ४९ ज्यूल ऊर्जा. तेवढ्यात चमचाभर पाणी दोन-सव्वादोन अंश तापेल! सेकंदाला एक ठोका धरला, तर ८ दिवसांत ६,९१,२०० ठोके, आणि एका ठोक्याच्या वाट्याला ०.००००७ ज्यूल. त्यातूनही चाकांचं घर्षण आपला वाटा घेतं.

उरलेली ऊर्जा लंबकाला देणारा भाग म्हणजे एस्केपमेंट, माझा सर्वांत लाडका. १६५६ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने लंबक घड्याळात आणला आणि त्याच शतकात जहाजाच्या नांगराच्या आकाराची एस्केपमेंटही आली. या नांगराची दोन टोकं दातेरी चाकाला आळीपाळीने अडवतात आणि सोडतात. सुटणारा दात टोकाच्या उतारावरून घसरताना नांगराला हलकंसं ढकलतो. लंबकाला मिळतं ते एवढंच. लगेच दुसरा दात दुसऱ्या टोकावर आदळतो, तो आवाज म्हणजे टिक. चाकाला ३० दात, दर दाताला दोन ठोके, म्हणून मिनिटाला एक फेरी. सेकंदकाटा याच चाकाच्या आसावर बसवतात.

लंबक मध्यापासून डावीकडे जितका गेल्यावर दात सुटतो, तितकाच उजवीकडे गेल्यावरही सुटायला हवा. घड्याळ हलवताना नांगर आणि लंबक यांना जोडणारी दांडी जराशी वाकली, की आवाज लंगडतो: टिकटॉक… टिकटॉक… एका बाजूला लंबकाला लांब झेप घ्यावी लागते. ती पुरली नाही, की सगळं थांबतं. अशा वेळी घड्याळ किंचित तिरकं करून ठोके समान होतात का ऐकावं. झाले, तर दोष दांडीत आहे. मग घड्याळ सरळ टांगून तीच थोडी वाकवायची.

माणूस गेला त्याच दिवशी त्याचं घड्याळ थांबलं, यात गूढ शोधणारे पुष्कळ. दर आठवड्याला चावी देणारा हातच अंथरुणाला खिळला होता, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

तेलाचा फवारा मारू नका. घड्याळ काही दिवस चालतं, पण नवं तेल जुन्या धुळीला घेऊन खरवडणारा लगदा बनतं. आसांची टोकं घड्याळाच्या पितळी प्लेटमधल्या भोकांत फिरतात; धुळीचे कण तिथल्या मऊ पितळेत रुततात आणि पोलादी आसाची टोकं झिजवत राहतात. म्हणून आधी स्प्रिंगचा ताण उतरवून घड्याळ पूर्ण सुटं करायचं, धुवायचं, टोकं घासून गुळगुळीत करायची. रुंदावलेल्या भोकात नवं बुश, म्हणजे छोटी धातूची नळी, बसवायचं. भोकाभोवती ठोकून पितळ आत ढकलण्याच्या जुन्या खटपटीने प्लेट कायमची विद्रूप होते. तेल शेवटी, आसांच्या टोकांना, थेंबाहून कमी. चाकांचे दात कोरडेच ठेवायचे.