मुळापासून उपचार: पुण्यातली जुनी शोधाशोध

बाणेर, औंध, कोथरूड भागात ‘मुळापासून उपचार’ अशा पाट्या हल्ली बऱ्याच दिसतात. थायरॉइड असो, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड) असो की वर्षानुवर्षांची ॲसिडिटी, आत गेल्यावर आधी झोपेची, जेवणाच्या वेळांची, पोट साफ होतं का याची आणि घरातल्या ताणाची सविस्तर चौकशी होते. मग रक्ततपासण्यांची लांबलचक यादी हातात पडते. या पद्धतीचं आजचं नाव ‘फंक्शनल मेडिसिन’. अमेरिकेत जेफ्री ब्लँड यांनी १९९१ मध्ये तिची संस्था उभी केली. नाव तिकडचं असलं तरी ही चौकशी पुण्याला नवी नाही. पेठांमधले वैद्य नाडी पाहता पाहता हेच विचारत आले आहेत.

त्यामागे मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेनं चिकित्सेचं सार ‘निदानपरिवर्जन’ असं सांगितलं: ज्यामुळे रोग झाला, ते आधी बंद करा. माधवनिदान हा ग्रंथ तर रोगांची कारणं आणि लक्षणं यांनाच वाहिलेला. अडचण एवढीच, की सांगितलेलं कारण खरं की खोटं हे पडताळायचं कसं, याचं उत्तर बहुतेक वेळा वैद्याच्या अनुभवावर सोडलेलं असे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जंतुशास्त्रानं पडताळणीची रीत दिली. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि लवकरच पुण्यात पोचला. त्याचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये सापडला होता. तरीही १८९७ मध्ये रँडच्या बंदोबस्तात गोरे सोजीर घरं तपासत होते, माणसं छावण्यांत हलवत होते. उंदीर आणि पिसवा यांचा दुवा फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी दाखवला तो १८९८ मध्ये, आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. चापेकरांची आठवण पुण्यानं जपली, उंदीर-पिसवांची ही गोष्ट मात्र मागे पडली. कारण हाती लागलं तरी ते माणसापर्यंत कोणत्या वाटेनं येतं हे कळेपर्यंत उपाय आंधळाच राहतो.

पुढची पन्नासेक वर्षं ‘एक रोग, एक कारण’ या विचाराची होती, आणि त्यानं अगणित जीव वाचवले हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच काळात पुणे परिसरात दुसरा प्रवाहही जोर धरत होता. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया करताना आत काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यात दाब उणा होतो, हे नोंदवून त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. श्रद्धा होती, पण मोजपट्टीही होती.

त्याच वर्षी, १२ जानेवारीच्या रात्री, येरवड्याचे कैदी मोहनदास गांधी ससूनमध्ये टेबलावर होते. कर्नल मॅडॉक अपेंडिक्स काढत असताना वीज गेली, मग बॅटरीनंही दगा दिला, आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. माती, पाणी आणि उपास यांवर भिस्त ठेवणारा हा रुग्ण शस्त्रक्रियेनं वाचला. तरी निसर्गोपचाराचा नाद सुटला नाही. आगाखान पॅलेसच्या कैदेत १९४२ मध्ये त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. डॉ. दिनशा मेहतांच्या ताडीवाला रस्त्यावरच्या निसर्गोपचार केंद्रात १९४५ मध्ये ते न्यासाचे प्रमुख झाले. आज तिथे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. पण गरिबांसाठीची संस्था शहरात चालवणं हा वेडेपणा आहे, हे त्यांना लवकरच उमगलं, आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळीकांचनला गेले. मागे राहिलेल्या मणिभाई देसाईंनी आश्रम चालवला, आणि पुढे १९६७ मध्ये गाईगुरांच्या सुधारणेसाठी ‘बाएफ’ ही संस्थाही काढली. कटिस्नान आणि मातीच्या पट्ट्यांपासून संकरित गाईंपर्यंतचा हा प्रवास मला तरी सुसंगत वाटतो: गावात दूधच नसेल तर पथ्य कसलं सांगणार?

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये म्हैसूरहून डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ ची. दोर, पट्टे, लोड आणि बाकं यांच्या आधारानं आजारी माणसालाही आसन जमावं, ही त्यांची मोठी देणगी.

मात्र मुळाचा सर्वांत भक्कम माग लागला तो रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांना. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी जन्मवजन आणि पुढचा हृदयरोग यांचं नातं दाखवलं होतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर होऊ शकणाऱ्या बायकांपासूनच नोंदी सुरू केल्या. काय खातात, शेतात किती राबतात, पाणी कुठून भरून आणतात, सगळं लिहून घेतलं. बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत वजन, डोकं, पोट, दंड यांची मापं. पाठीवरची आणि दंडाची कातडी चिमट्यात धरून चरबीही मोजली.

सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळांचं पोट आणि दंड फारच लहान, पण पाठीवरची चरबी त्या मानानं जवळपास टिकून. दिसायला काटकुळी, आतून चरबीची. फार राबणाऱ्या आयांची बाळं लहान, पालेभाजी, फळं, दूध खाणाऱ्यांची मोठी, हेही दिसलं. निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि फोलेट (हेही ब गटातलं जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं. हीच मुलं अठराची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर बिघडलेली होती, आणि त्यांपैकी बहुतेक लठ्ठही नव्हती.

वैद्यांच्या ‘प्रकृती’लाही कोणी मोजायला गेलं नाही असं नाही. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७६ जणांची प्रकृती आणि एचएलए (रोगप्रतिकाराशी संबंधित) जनुकं ताडून पाहिली. काही संबंध दिसला, पण नमुना लहान होता.

आजच्या पाट्यांकडे पाहताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. संपूर्ण शरीराचा विचार करणं सगळ्यांनाच जमतं. तो चुकला तर कळेल अशी सोय किती जण करतात? महागड्या तपासणीत एखादा आकडा रेषेबाहेर गेला म्हणून तेच मूळ ठरत नाही. केईएमच्या चमूला बी-१२ चा संशय आला, तेव्हा त्यांनी जाहिरात केली नाही. त्याच गावांतल्या, आता तरुण झालेल्या मुलामुलींना २०१२ पासून रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ ची गोळी दिली, काहींना नुसती दिखाऊ, आणि ती स्वतः आईबाप होईपर्यंत वाट पाहिली.