काविळीचं पथ्य कुठून आलं आणि आता कुठे नडतं

काविळ झाली की विदर्भातल्या खेड्यात आजही तेल, हळद आणि वरण एका दिवसात बंद होतं. उसाचा रस, मुरमुरे, फिका भात, आणि गळ्यात जाणत्याने दिलेली माळ. माळ लांबत गेली म्हणजे काविळ उतरली, असा हिशेब. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, म्हणून ती लांबते. धडधाकट माणसाच्या गळ्यातही ती तेवढीच लांबेल.

हे पथ्य टिकलं, कारण ते लागू पडताना दिसलं. खेड्यात काविळ म्हणजे बहुधा दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए किंवा ई, म्हणजे विषाणूने लिव्हरला येणारी सूज. दोन्ही बहुतेकांमध्ये चार ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होतात. दिल्लीत 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे 29 हजार लोकांना काविळ झाली. ती ‘ई’ची होती, हे कळायला पुढची काही दशकं गेली. माळ घालणारेही बरे होतात, न घालणारेही. फसगत होते ती दोन ठिकाणी. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईला ‘ई’ झाली तर जीव जाऊ शकतो, तिथे माळेत एक दिवसही घालवू नये. आणि पथ्य म्हणून आणलेला रस्त्यावरचा रस, त्यातला बर्फ, हीच काविळ पुन्हा घरात आणतो. भाजीतल्या हळदीचा आणि डोळ्यांच्या पिवळेपणाचा काही संबंध नाही.

खरी अडचण पुढे आहे. चार आठवड्यांच्या आजाराचं हे पथ्य सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होत जाण्याच्या आजारात वर्षानुवर्षं पाळलं जातं. दोष फक्त गावाचा नाही. न्यूयॉर्कच्या पॅटेक आणि पोस्ट या डॉक्टरांनी 1941 मध्येच सिरोसिसच्या रुग्णांना पोटभर, प्रथिनांचं जेवण देऊन सुधारणा दाखवली होती. पण नंतर लिव्हर बिघडून भ्रम होणाऱ्या रुग्णांत प्रथिनांमुळे अमोनिया वाढतो असं दिसलं, आणि सरसकट ‘डाळ, अंडी, दूध बंद’ असा सल्ला रूढ झाला. 2004 मध्ये स्पेनमधल्या चाचणीत अशा रुग्णांना नेहमीइतकी प्रथिनं दिली, तरी भ्रम वाढला नाही. कमी प्रथिनं दिलेल्यांच्या शरीरातली प्रथिनं मात्र जास्त झिजली. अमोनियाची विल्हेवाट स्नायूही लावतात, म्हणून हातपाय वाळलेला रुग्ण जास्त लवकर भ्रमात जातो.

आजचं प्रमाण आहे वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. ज्वारी किंवा गव्हाचं 300 ग्रॅम पीठ, 100 ग्रॅम कोरडी तूरडाळ, अर्धा लिटर दूध आणि मूठ-दोन मूठ फुटाणे एवढ्यात ते 75 च्या पुढे जातं. पोटात पाणी झालेल्याचं वजन सुजेचं वजा करून धरायचं, हे विसरलं जातं.

रात्रीचं खाणं तर कुणी सांगतच नाही. सिरोसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा उरत नाही. रात्रभराच्या उपाशीपणात शरीर निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतकं झिजतं. गावात सातला जेवण आणि दुसऱ्या दिवशी नऊला न्याहारी, म्हणजे चौदा तास. निजायच्या आधी एक भाकर दुधात कुस्करून खाल्ली तर साधारण 50 ग्रॅम पिष्ट पोटात जातं, तेवढं पुरतं. एकादशी, श्रावणी सोमवार या रुग्णाने सोडावेत. घरातल्या दुसऱ्याने धरले तरी चालतं की.

पोटात पाणी असेल तर मीठ दिवसाला पाच ग्रॅम, एक सपाट चमचा, त्यातच सगळं आलं. पापड, कुरडई, लोणचं, ठेचा इथेच हिशेब फसतो. पण अळणी ताट पाहून रुग्ण जेवणच टाकतो, तेही वाईट. लिंबू, आंबाडी, सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) यांनी चव आणावी. बाजारातलं ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र नको. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाणी उतरवायच्या स्पायरोनोलॅक्टोन गोळीबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जातं.

लिव्हर बिघडण्याची दुसरी वाट नवी आहे: फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साचणं. दारू न पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्येही दारूसारखीच चरबी आणि सूज सापडते, हे अमेरिकेत डॉक्टर लुडविग यांनी 1980 मध्ये नाव देऊन मांडलं. त्याच दशकापासून पश्चिम विदर्भातल्या ज्वारीच्या रानात सोयाबीन शिरलं. घाण्याचं जवस तेल मागे पडलं, रिफाइंडचे डबे आले. रेशनवर आधी स्वस्त आणि 2023 पासून मोफत गहू-तांदूळ मिळतो, मग भाकर थापायला कोण बसणार? गहू-तांदूळ खाऊन कुणी आजारी पडत नाही. चरबी साचते ती वाढलेल्या ताटाने, दिवसाच्या चार-पाच गोड चहांनी आणि डवरणी-निंदण कमी झाल्याने.

इथे रोग्याचं पथ्य उलटं आहे: वजन कमी करायचं. पाच टक्के घटलं तरी चरबी उतरते, सूज उतरायला सात ते दहा टक्के लागतात. 70 किलोच्या माणसाला सात किलो, सहा-आठ महिन्यांत. घाईने उपाशी राहून नव्हे. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यातच संपत असेल, तर तपासणीआधी तो डबा मोजावा. बारीक माणसालाही पोटाचा घेर 90 सेंटिमीटरच्या, बाईला 80 च्या वर असेल तर हे लागू आहे.

दारूबंदी वर्धा आणि 1993 पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे, चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये गेली. मोहाची भट्टी मात्र राहिली. मोहाची ‘शुद्ध’ म्हणून लिव्हरला सोसते, हा समज खोटा आहे, अल्कोहोल तेच. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली आणि हात थरथरायला लागले, भास झाले, तर त्याच रात्री दवाखाना गाठावा. आणि गुळवेलाचा काढा महिनोन् महिने नको: कोरोनाच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत लिव्हरची इजा डॉक्टरांनी नोंदवली आहे.