वजाबाकीतून मिळणारा अवरक्त प्रकाश

मिथेन 3.3 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दशलक्षांश) आसपासचा प्रकाश शोषतो, कार्बन डायऑक्साइड 4.3 च्या, नायट्रिक ऑक्साइड 5.3 च्या. रेणू ओळखायचे तर लेसर या मध्य-अवरक्त पट्ट्यातला हवा, शिवाय त्याची तरंगलांबी हवी तशी बदलता यायला हवी.

पट्टा लवकर गाठला गेला. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्र कुमार नारनभाई पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1964 साली कार्बन डायऑक्साइड लेसर चालवून दाखवला. पण त्याचा प्रकाश 10.6 मायक्रॉनच्या आसपासच्या ठरावीक रेषांवरच मिळे. मग 1970 च्या सुमारास पटेल यांनीच इंडियम अँटिमनाइडचा स्फटिक चुंबकीय क्षेत्रात ठेवला आणि क्षेत्र कमी-जास्त करत तरंगलांबी सरकवली. हे अवजड प्रकरण त्यांच्या गटाने फुग्यातून स्थितांबरात पाठवून तिथला नायट्रिक ऑक्साइड मोजला! त्यांच्या कार्बन डायऑक्साइड लेसरइतकी ही कामगिरी आपल्याकडे सांगितली जात नाही. पुढे 1994 मध्ये बेल लॅब्समध्येच क्वांटम कॅस्केड लेसर, म्हणजे मध्य-अवरक्त प्रकाश देणारा अर्धवाहक लेसर, आला. तो आटोपशीर खरा, पण एका चिपचा तरंगलांबीचा पल्ला मर्यादित.

दुसरा मार्ग फायबर लेसरचा, म्हणजे काचेच्या तंतूतच प्रकाश तयार करणाऱ्या लेसरचा. त्याची सुरुवात 1961 च्या सुमारास एलायस स्निट्झर यांच्यापासून होते. दूरसंचारासाठी 1.55 मायक्रॉनचे अर्बियम (हे मूलद्रव्य मिसळलेले) फायबर 1980 च्या दशकाअखेर पुढे आले आणि त्याचे सुटे भाग सहज मिळू लागले. अडचण काचेचीच होती. फायबरची काच, म्हणजे सिलिका, अडीच मायक्रॉनपलीकडचा प्रकाश गिळून टाकते.

म्हणून वजाबाकी करावी लागते. दोन किरण योग्य स्फटिकात एकत्र आणले की त्यांच्या वारंवारतांमधल्या फरकाइतक्या वारंवारतेचा तिसरा प्रकाश निघतो. फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) इतक्या अल्पकाळ टिकणाऱ्या स्पंदांची क्षणिक शक्ती प्रचंड असल्याने हे साधते. अर्बियम लेसरच्या प्रकाशाचा एक भाग 1.55 वरच ठेवतात. दुसरा वेगळ्या फायबरमधून नेतात. तिथे रामन परिणामामुळे (प्रकाश काचेतल्या कंपनांना थोडी ऊर्जा देतो) सॉलिटॉन, म्हणजे आकार न बदलता पुढे जाणारा स्पंद, आपोआप लांब तरंगलांबीकडे घसरतो. ही घसरण 1986 मध्ये मिट्श्के आणि मोलेनॉर यांनी दाखवली होती. सॉलिटॉनमधून माहिती पाठवू पाहणाऱ्यांना ती नको होती, इथे मात्र तीच कामाला आली. फायबरमध्ये सोडलेली शक्ती बदलून सॉलिटॉन 1.8 वरून 2.0 मायक्रॉनवर नेला, की गॅलियम सेलेनाइडसारख्या स्फटिकातून बाहेर पडणारा प्रकाश सुमारे 11 वरून 7 मायक्रॉनवर येतो. स्फटिकाचा कोन आणि दोन स्पंदांमधला वेळेचा फरक तेवढा जुळवून घ्यायचा.

याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. 1.55 मायक्रॉनच्या फोटॉनपासून 8.4 मायक्रॉनचा एक फोटॉन निघाला, तर मूळ ऊर्जेतली जेमतेम 18 टक्केच त्यात उतरते, आणि प्रत्यक्षात बहुतेक फोटॉन न बदलताच स्फटिकातून निघून जातात. त्यामुळेच, मुळातच लांब तरंगलांबी घेऊन हे नुकसान कमी करण्यासाठी, अलीकडे 2 मायक्रॉनच्या थुलियम फायबर लेसरपासून सुरुवात करण्याकडे कल वाढला आहे.