विमान वळतं ते मोटरसायकलसारखं

गोव्यात ‘पायलट’ म्हटलं की दोन माणसं डोळ्यांसमोर येतात. एक दाबोळीला नाहीतर मोपाला कॉकपिटमध्ये बसणारा, आणि दुसरा म्हापशाच्या स्टँडवर काळ्या-पिवळ्या मोटरसायकलला टेकून भाड्याची वाट बघणारा. या दुसऱ्याच्या मागे बसून शिवोलीकडे निघालं की वळणावर गाडी झुकते आणि तिच्याबरोबर आपणही झुकतो. ताठ बसून राहिलात तर पायलटची बोलणी खावी लागतात. विमान कसं उडतं हे समजायला मला पुस्तकांइतकाच या पायलटचा उपयोग झाला.

बहुतेकांच्या मनात विमान म्हणजे हवेतला ट्रॉलर असतो. मालिमच्या जेटीवर लागलेला कुठलाही ट्रॉलर बघा, मागे सुकाणू असतं, ते फिरवलं की बोट वळते. विमानाच्या शेपटीवरही तसाच एक उभा पर दिसतो आणि त्याच्या मागच्या कडेला हलणारी फळी, म्हणजे रडर. मग वाटतं, पायलट रडर फिरवत असेल आणि विमान वळत असेल. पण वळवण्याचं मुख्य काम रडरकडे नसतंच. ते पंखांकडे असतं.

म्हणून आधी पंख. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की पंखाची पाठ फुगीर असते, वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला गाठायचं म्हणून ती जोरात पळते आणि त्यामुळे वरचा दाब कमी होतो. वरची हवा जोरात जाते हे खरं, वरचा दाब कमी होतो हेही खरं. ‘गाठायचं म्हणून’ ही मात्र शुद्ध थाप. दोन्हींनी एकाच वेळी पोचावं असा काही नियम नाही. धुराच्या रेषा सोडून बघितलं तर वरची हवा खालचीच्या आधीच पंख ओलांडून गेलेली दिसते.

पंख करतो ते एवढंच की हवा खाली वळवतो. पुढची कड किंचित वर ठेवून तो हवेत घुसतो. वरची हवा त्याच्या पाठीला धरून खाली उतरते, खालची त्याच्या पोटाला अडून खाली वळते. पंखाने हवेला खाली ढकललं, हवेने पंखाला वर. दाबातला फरक आणि खाली ढकललेली हवा ही एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. त्यातलं कुठलं खरं यावर हौशी मंडळी तासन्‌तास भांडतात, ते वाचायला मजा येते.

आता थोडा हिशेब. एअरबस ए३२० चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ७८ टन आणि पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मीटर. भागाकार केला की चौरस मीटरमागे ६४० किलो येतात. म्हणजे लहानशा जेवणाच्या टेबलावर एक दांडगी म्हैस! पण जमिनीजवळ हवेचा दाबच मुळात चौरस मीटरला १० टनांहून अधिक असतो. पंखाच्या वरच्या आणि खालच्या दाबात जेमतेम ६ टक्क्यांचा फरक पडला की अख्खं विमान उचललं जातं.

ही उचल हाताशी असली की वळणं सोपं होतं. दोन्ही पंखांच्या टोकांजवळ, मागच्या कडेला, बिजागरीवरच्या फळ्यांसारखे छोटे भाग असतात. ते एलेरॉन. उजवीकडे वळायचं तर उजवा एलेरॉन वर होतो, डावा खाली. उजव्या पंखाची उचल घटते, डाव्याची वाढते आणि विमान उजवीकडे झुकतं. इतका वेळ सरळ वर ओढणारी उचल आता तिरकी होते. तिचा मोठा हिस्सा वजन पेलतो, उरलेला विमानाला बाजूला ओढतो, आणि त्या ओढीने विमान वळतं. झुकलेल्या मोटरसायकलला ही ओढ टायरखालचा रस्ता देतो. विमानाखाली रस्ता नाही, तेव्हा ते काम पंखांवर पडतं.

दाबोळीहून समुद्राच्या दिशेने उडालेलं विमान मुंबईकडे जायला उजवीकडे झुकतं, तेव्हा मी खिडकीशी अर्धी भरलेली पाण्याची बाटली धरून बसतो. बाहेर क्षितिज तिरकं, मुरगाव बंदरातली जहाजं तिरकी, पण बाटलीतलं पाणी विमानाच्या फरशीला समांतरच. डोळे मिटले तर आपण झुकलोय हे कळतही नाही. मोटरसायकलवर मागे बसलेला माणूस वळणात बाजूला घसरून पडत नाही, त्याचंही कारण हेच.

राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं, आणि तो केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही. त्या काळी कित्येकांना विमान बोटीसारखं सपाट राहून वळायला हवं होतं. झुकणं म्हणजे त्यांच्या लेखी संकट. झुकल्याशिवाय वळता येत नाही हे सायकलवाल्याला मात्र कुणी सांगावं लागत नाही. १८९९ मध्ये सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळता पिळता विल्बरला सुचलं की पंखही असेच पिळता येतील. त्यांच्या विमानाला एलेरॉन नव्हते, तारांनी अख्खे पंखच पिळले जायचे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ते पहिल्यांदा उडालं, १२ सेकंद आणि सुमारे ३६ मीटर. पुढे १९०८ मध्ये विल्बरने फ्रान्समध्ये झुकून वळणं घेऊन दाखवली तेव्हा तिथले वैमानिक थक्क झाले.

मग रडर कशाला? एलेरॉन खाली गेलेला पंख जास्त उचल देतो, पण हवेचा विरोधही जास्त खातो. उजवीकडे वळायचं असताना तो डावा पंख मागे ओढला जातो आणि नाक भलतीकडेच, डावीकडे फिरू लागतं. ते सावरायला रडर. राइट बंधूंना हे १९०२ च्या ग्लायडरवर आदळआपट करून शिकावं लागलं. दुसरं काम अधिक गंभीर. एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर दुसऱ्या बाजूचं इंजिन नाक फिरवू बघतं, ते रोखून धरायला मोठं रडर लागतं.

हे डोळ्यांनी बघायचं तर बोगमाळोच्या वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय गाठा. तिथे उघड्यावर सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, पंख्यांच्या चार इंजिनांचं, आणि शेपटीवर एकाच्या जागी तीन उभे पर. एवढा आकार एकाच परात बसवला असता तर शेपूट इतकं उंच झालं असतं की विमान तेव्हाच्या हँगरमध्ये शिरलंच नसतं. म्हणून तीन बुटके पर. तिथलंच सी हॅरियरही बघण्यासारखं. २०१६ मध्ये निवृत्त झालेली ही जात हवेत एका जागी तरंगायची. पण तरंगताना पंखांवरून वारा वाहत नाही, तेव्हा एलेरॉन आणि रडर दोन्ही निकामी. म्हणून नाकाशी, शेपटीशी आणि पंखांच्या टोकांशी इंजिनातली दाबाखालची हवा सोडणारी छोटी तोंडं ठेवलेली असतात.

शेपटीचे आडवे पर उलटं काम करतात. प्रवासी विमानात ते साधारणपणे शेपटीला खाली दाबून धरतात, कारण वजनाचा तोल पंखांच्या उचलीच्या किंचित पुढे ठेवलेला असतो. त्यांच्या मागच्या कडेचा एलेव्हेटर नाक वर-खाली करतो. वळणातही तो लागतोच. ३० अंश झुकलेल्या विमानाला उंची राखायला सुमारे १५ टक्के जास्त उचल हवी, म्हणून नाक थोडं वर घ्यावं लागतं. नाक उचलायलाही मर्यादा आहेच. पंख हवेशी साधारण १५ अंशांच्या पलीकडे गेला की हवा त्याची पाठ सोडून देते आणि उचल एकदम ढासळते.

इंजिनाबद्दल एकच सांगतो. नव्या ए३२० च्या इंजिनाचा पुढचा पंखा सुमारे २ मीटर व्यासाचा असतो, आणि बहुतेक रेटा त्या पंख्याने मागे फेकलेल्या थंड हवेतून येतो. आत पेटणारं इंधन मुख्यतः तो पंखा फिरवतं.

गेल्या पावसाळ्यात मोपाला उतरत होतो. खाली पेडण्याची हिरवी भातशेतं, काचेवर पाण्याच्या आडव्या रेघा. पंखाची मागची कड घरघरत मागे सरकली आणि खाली वाकली. ते फ्लॅप. वेग निम्मा झाला तर उचल चौथ्या हिश्शावर येते, म्हणून उतरताना पंखाला मोठं आणि वाकडं व्हावं लागतं. मग विमान दणकन टेकलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, “ह्याला धड उतरवतासुद्धा येत नाही!” मी त्यांना पंख दाखवला. वरच्या फळ्या ताडकन उभ्या राहिल्या होत्या. ते स्पॉयलर. ते उचल मारतात, वजन चाकांवर येतं आणि ब्रेक धरतात. ओल्या धावपट्टीवर अलगद टेकलं तर टायर पाण्याच्या थरावरच घसरत राहतात, म्हणून पायलट मुद्दाम जरा जोरात टेकवतो. काकींना पटलं नाही.

विमान टर्मिनलकडे रांगत निघालं आणि पायांखालून आवाज आला, करवत चालवावी तसा, थांबून थांबून. “खाली कुत्रं भुंकतं की काय?” त्यांनी विचारलं. ए३२० मध्ये या सगळ्या फळ्या हलवतं ते तेल, मोटरसायकलच्या टायरातल्या हवेच्या जवळपास १०० पट दाबाखालचं. रांगताना एक इंजिन मुद्दाम बंद ठेवलेलं असलं की त्याच्या बाजूच्या तेलाचा दाब पडतो, आणि मधला एक पंप दुसऱ्या बाजूच्या जोरावर तो भरून काढतो. हा आवाज त्या पंपाचा, म्हटलं. “तरीच,” काकी म्हणाल्या, आणि वाकून सीटखाली बघितलंच.