बसने सहकुटुंब नेपाळला: कोणाला कोणतं ओळखपत्र लागतं

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही असलाच पाहिजे असं नाही. १९५० च्या शांतता व मैत्री करारापासून ही मोकळीक चालत आली आहे. म्हणून ‘तिकीट काढलं, बसलो, पोचलो’ असा समज होतो. पण सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र पाहतात, आणि घरातल्या प्रत्येकाला एकच नियम लागू नसतो. नियम वयावर ठरतो.

१८ ते ६५ वयाच्या माणसाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाने दिलेलं फोटोचं ओळखपत्रही चालतं. आधार कार्ड या वयात चालत नाही. बँकेपासून सिमकार्डापर्यंत सगळीकडे आधार दाखवायची सवय झाल्यामुळे नेमकं इथेच बरेच जण अडकतात. पॅन आणि ड्रायव्हिंग लायसन्सचीही तीच गत.

६५ च्या पुढचे आणि १५ च्या आतले यांना यातून सूट आहे. वय आणि ओळख पटेल असं फोटो असलेलं एखादं कागदपत्र त्यांना पुरतं, आणि त्यांच्यासाठी आधारही ग्राह्य आहे.

राहिली १५ ते १८ वयाची मुलं. मतदार कार्ड मिळायचं वय झालेलं नाही आणि लहानांची सूटही संपलेली. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. हे सुट्टी लागायच्या आधी मागून घ्या. मे महिन्यात सही करायला शाळेत कोणी भेटेलच असं नाही. मुलाचा पासपोर्ट असेल तर हा खटाटोप नको.

कुटुंब एकत्र प्रवास करत असेल तर आणखी एक सवलत आहे. नवरा-बायको, अल्पवयीन मुलं आणि आईवडील सोबत असताना एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलं, तर बाकीच्यांकडे त्याचा आग्रह धरला जात नाही. मात्र त्यांच्याकडे फोटोचं ओळखपत्र हवं आणि नात्याचा पुरावाही हवा: रेशन कार्ड, केंद्र सरकारचं आरोग्य योजनेचं कार्ड, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र वगैरे. अडचण नावांची होते. समजा नवऱ्याकडे मतदार कार्ड आहे; बायकोच्या लायसन्सवर माहेरचं नाव आणि रेशन कार्डावर सासरचं. मग नातं सांगायचं कशावरून? अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. माझं मत विचाराल तर ही सवलत अडीअडचणीसाठी राखून ठेवा आणि प्रत्येकाचं स्वतंत्र कागदपत्र घेऊनच निघा. चुलतभाऊ, मेहुणे, शेजारी ‘कुटुंबात’ धरले जात नाहीत, हेही आलंच.

घरातलं कोणी परदेशी नागरिक असेल, म्हणजे अमेरिकेत जन्मलेला भाचा किंवा ओसीआय कार्डवाली (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) बहीण, तर त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी. त्यांना परदेशी पासपोर्टवर नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो. तो बहुतेक देशांच्या नागरिकांना सीमेवर मिळतो. १५ दिवसांच्या पर्यटक व्हिसाला ३० डॉलर पडतात, ते रोख ठेवावेत. उत्तर प्रदेशातल्या सोनौली सीमेवरून जाताना आधी भारताच्या इमिग्रेशन कचेरीत बाहेर पडल्याचा शिक्का, मग पलीकडे बेलहियाला व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का. भारतीय प्रवासी तिथून सरळ पुढे जातात, त्यामुळे त्यांच्याबरोबर चालत राहिलं की कचेरी कधी मागे पडली ते कळतही नाही, आणि शिक्का राहून गेला की परतताना निस्तरावं लागतं. बस सुटतानाच कंडक्टरला सांगून ठेवा की आपल्यातल्या एकाला शिक्के घ्यायचे आहेत, थांबावं लागेल. ओसीआय नसून भारताचा व्हिसा असेल, तर तो पुन्हा प्रवेशाची आणि खुष्कीच्या मार्गाने येण्याची मुभा देतो का, हे निघण्यापूर्वीच तपासायला हवं.

दिल्ली–काठमांडू थेट बससेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. हा रस्ता हजार किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे एक अख्खी रात्र तरी बसमध्येच. कागदपत्रं डिकीतल्या बॅगेत टाकू नका, अंगावरच्या पिशवीत ठेवा. सीमेवर सामान तपासलं जातं तेव्हा ती हातात लागतात. झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटो जोडीला असू द्या, पण दाखवायचं ते मूळ कागदपत्रच.

पैशांचं थोडक्यात: १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर कायम आहे. शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर नेपाळमध्ये बराच काळ बंदी होती; त्या न्यायच्या तर सध्याचा नियम आधी पाहून घ्या. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, परतीची बस पकडताना हे ध्यानात ठेवा.

तिथे ओळखपत्र हरवलंच तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन काठमांडूतल्या भारतीय दूतावासात जा. भारतात परतण्यासाठी तिथून आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. कागदपत्रांच्या झेरॉक्स या वेळी फार उपयोगी पडतात, म्हणून एक संच दुसऱ्या कोणाच्या तरी बॅगेत ठेवा.